मीठ मागायला आलेला तलाव

वेळखार नगरपरिषदेच्या पोहण्याच्या तलावातलं मीठ तीन हजारांच्या खाली गेलं, की तलाव उठतो आणि गावात मीठ मागायला जातो.

हे गावाला ठाऊक आहे, नगरपरिषदेला ठाऊक आहे, आणि फाटकावर पोहणाऱ्यांसाठी जी पाटी लावली आहे तिच्यावर सहाव्या क्रमांकाला, ‘अंगाला तेल लावून पाण्यात उतरू नये’ या सूचनेच्या खाली, ते लिहिलेलंही आहे. तीन हजार म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तीन हजार भाग मीठ. समुद्राच्या मानाने हे काहीच नाही, माणसाच्या आसवांतही याहून जास्त असतं. बत्तीसशे असावं, एकतीसशे ऐंशी चालतं, त्याखाली जाऊ लागलं की गोण्या ओताव्यात, असा नियम. औषधाच्या पाण्याने पोरांचे डोळे चुरचुरतात म्हणून नगरपरिषदेने खाऱ्या पाण्याचा तलाव बांधायचं ठरवलं, आणि जागा निवडली ती जुन्या मिठागराची. शंभर वर्षं जिथे मीठ पिकलं ती जमीन खणायची, तिला निळ्या फरशा लावायच्या आणि वरून विकतचं मीठ ओतायचं, ही अक्कल कुणाची होती ते ठरावात नोंदलेलं नाही.

आजवर तलाव दोनदा उठला होता. पहिल्यांदा तो बाजारपेठेत गेला, किराणा दुकानाच्या वखारीत शिरला, नऊ गोण्यांतलं मीठ घेतलं आणि दुपारी अडीचच्या आत परत येऊन आपल्या जागी बसला. दुकानदाराला पंचनाम्याची प्रत मिळाली. दुसऱ्यांदा तो सुक्या मासळीच्या आळीत गेला. वलाणीवर वाळत टांगलेले बोंबील, चटईवरचा जवळा, सगळ्यांतलं मीठ त्याने काढून घेतलं, आणि त्या वाटेत नारायण तांडेल बाजेवर घामाघूम होऊन झोपला होता, तर तलाव त्याच्यावरूनही गेला.

नारायण आजही आहे. हात, पाय, मिशी, सगळं जागच्या जागी आहे. फक्त तो अळणी झाला. त्याला घाम येत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. भावाचं प्रेत दारातून गेलं तेव्हा तो भिंतीवरची पाल बघावी तसा बघत राहिला. कुत्री त्याला हुंगत नाहीत. माशा त्याच्या ताटावर बसतात, त्याच्यावर बसत नाहीत. बायको त्याला सकाळी उन्हात ठेवते आणि दुपारी उचलून आत घेते. आरोग्य खात्याच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘अळणी (कायम)’ असा शेरा आहे.

या दोन खेपांत एक गोष्ट मात्र कळली. तलाव मिठागराच्या पोटचा असल्यामुळे त्याला मिठाच्या रीतीभाती माहीत आहेत. तो हातावर मीठ घेत नाही. कुठल्याही शहाण्या घरात जसं खाली ठेवून देतात आणि खालूनच उचलतात, तसं तो घेतो. आणि दिवेलागणीनंतर तो कुणाच्या घरचं मीठ घेत नाही. मासळीच्या आळीत तिन्हीसांजेचे दिवे लागले तेव्हा तो पुढच्या घराच्या पायरीवर होता. तिथूनच मागे फिरला. नगरपरिषदेने तसं परिपत्रक काढलं आणि त्याच सभेत मीठ तपासनीस हे पद मंजूर केलं. सकाळी सहाला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा.

त्या पदावर चांगुणा घरत लागली. ती नऊ वर्षांची होती तेव्हापासून त्याच मिठागरात मीठ ओढत आलेली. मुलाखतीला पाण्याचे सात पेले ठेवले होते. रसायनशास्त्र शिकलेली दोन पोरं कागदाच्या पट्ट्या बुडवून, रंग जुळवून, डोकं खाजवत बसली. चांगुणाने सातही पेल्यांत करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि सात आकडे सांगितले. सातही बरोबर. ‘मॅट्रिक’च्या रकान्यात तिने अंगठा उठवला नाही, ‘नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. अक्षर ती पुड्यांच्या कागदांवरून आपली आपण शिकली होती आणि त्याचा तिला माज होता. असायलाच हवा.

पुढे नगरपरिषदेने मीटर आणला. महिनाभर चांगुणाने जीभ आणि मीटर दोन्ही वापरले. एकदा दोघांत पाच भागांचा फरक आला, पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गेलं, आणि चूक मीटरची निघाली. त्या दिवशी तिने मीटर खणात ठेवला आणि खण लावून घेतला. नोंदवहीत मीटरचा रकाना होता, त्यात ती जिभेचाच आकडा लिहायची. मीटर शहाणा असता तर त्याने तोच दाखवला असता, असं तिचं म्हणणं होतं.

अशी सहा वर्षं गेली. वैशाखात तिला ताप आला. तीन दिवसांत उतरला, आणि त्यातही तिने पाळी चुकवली नाही. चौथ्या दिवशी सकाळी सहाला तिने तलावाच्या काठावर बसून करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. काहीच लागलं नाही.

आधी तिला वाटलं की पाणीच गोडं झालं. ती तशीच उठून घरी आली, चुलीमागच्या बरणीतून खड्याचं मीठ काढलं आणि दाताखाली फोडलं. वाळू फोडल्यासारखं वाटलं. म्हणजे पाणी नव्हे, जीभ गेली होती. हे समजल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं, पण भीती आणखी एक पायरी चढली. पाण्यात मीठ किती आहे हे आता वेळखारात कुणालाच माहीत नव्हतं.

ती परत गेली. खण उघडला. मीटरमधले सेल फुटून हिरवा चिकट रस आला होता आणि त्याने आतल्या तारा खाल्ल्या होत्या. नवा मीटर मागायचा तर अर्जात लिहावं लागणार, जुना कधीपासून बंद. पाच वर्षं मीटरच्या रकान्यात आकडे कुणाचे, हेही लिहावं लागणार. चांगुणाने खण लावला. आदल्या संध्याकाळी एकतीसशे ऐंशी होतं, तिने नोंदवहीत एकतीसशे ऐंशी लिहिलं आणि खाली सही केली. जीभ आज ना उद्या येईल, असं ती मनाशी म्हणाली. संध्याकाळी पुन्हा तेच लिहिलं. पाच दिवस, दोन्ही वेळ, तेच.

घरी तिची लेक होती. नलिनी, पहिलटकरीण, नववा लागलेला. जावई बोटीवर, म्हणून बाळंतपण माहेरी. नलिनीने एका दुपारी भाताचा घास घेतला आणि ताट पुढे सारलं.

“आये, आमटीत मीठ घातलंस का?”

“घातलं की.”

“काल दोनदा घातलं होतंस, आज एकदाही नाही.”

“पोटुशीच्या तोंडाला काही चव नसते,” चांगुणा म्हणाली. “गुमान जेव.”

नलिनी जेवली नाही. तिने बोट आमटीत बुडवून आईपुढे धरलं. चांगुणाने ते चाटलं, आणि चांगली आहे म्हणाली. लेक तिच्याकडे बघत राहिली. मग दोरीवरचे कपडे काढायला गेली आणि तिथूनच, पाठ फिरवून, आणखी एक गोष्ट बोलली. मिठागरावर असताना आयेच्या पोलक्याच्या पाठीवर घाम वाळून पांढरा नकाशा उमटायचा. कितीही खंगाळा, जायचा नाही. या खेपेला ती आल्यापासून एकही डाग दिसला नव्हता.

चांगुणाने हे वयावर ढकललं. पण त्या दिवशी संध्याकाळच्या पाळीला जाताना तिची वाट नारायण तांडेलच्या दारावरून गेली, आणि रोज जी मान वळवून पुढे जायची ती आज थांबली. नारायण उन्हात होता. कोरड्या गळ्याने, कोरड्या कपाळाने. तिने आपल्या कपाळावरून पदर फिरवला आणि पाहिला. पदर कोरडा होता. चढ चढून आली होती, आणि वैशाख होता.

जीभ गेल्याच्या आठव्या दिवशी पंपावरचा दत्ताराम तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. साधा माणूस, तोंडात सदा तंबाखू. आठ दिवसांत त्याने गाळणी तीनदा उलटी धुतली होती, दर खेपेला खारं पाणी गटारात गेलं आणि टँकरचं गोडं पाणी भरलं. सुट्टीच्या दिवसांत पोरं अंगावरून, चड्ड्यांतून, केसांतून तलाव बाहेर नेतात तो वेगळाच. गोणी मात्र एकही ओतली गेली नव्हती, कारण वहीप्रमाणे कमी काही पडलंच नव्हतं. मग मीठ तितकंच राहतं कसं, असं त्याला विचारायचं होतं, आणि ते विचारायला त्याने फार वेळ घेतला.

“मावशी, तुमच्या जिभेवर बोलायची माझी लायकी नाही.”

“मग बोलू नकोस.”

“पण रात्री झोप येत नाही. माझं घर मासळीच्या आळीला लागून आहे.”

“तूच बघ की मग चाखून,” ती म्हणाली. हे ती टोमणा मारल्यासारखं म्हणाली, पण त्याने हो म्हणावं असंच तिला वाटत होतं.

दत्तारामने मान हलवली. तंबाखूने त्याची जीभ वीस वर्षांपूर्वीच भाजली होती, आणि तपासनिसाखेरीज कुणी पाणी चाखू नये असा नियमही होता. तो गेला. गोण्या वखारीत पडून राहिल्या.

अकराव्या दिवशी मुख्याधिकारी वैद्य मॅडमनी चांगुणाला बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे नोंदवही उघडी होती. इतके दिवस आकडा एका भागानेही हललेला नाही, असं तलाव सुरू झाल्यापासून कधी घडलं नव्हतं, आणि मॅडमना त्याचं कौतुक होतं. त्यांनी प्रशस्तिपत्र काढलं. चांगुणाने ते दोन्ही हातांनी घेतलं. त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं तिने, पण त्या तोंडात जी जीभ होती तिच्यावरच तर सहा वर्षं सगळं उभं होतं. ती “बरं” म्हणाली आणि बाहेर आली.

तलाव बाराव्या दिवशी उठला. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. चाळीसएक पोरं पाण्यात होती. त्यांना काही झालं नाही. पाणी त्यांच्या अंगावरून चादर ओढून घ्यावी तसं निघून गेलं आणि ती निळ्या फरशीवर टोप्या घातलेली, उघडी, बसल्या जागी राहिली. एक पोरगी पाठीवर तरंगायला शिकत होती, ती तशीच पाठीवर पडून वर बघत होती. दत्तारामने भोंगा वाजवला.

गावाने दारं लावून घेतली. दुकानदाराने मिठाच्या गोण्या परिपत्रकाप्रमाणे पायरीवर आणून ठेवल्या. मासळीच्या आळीत बायकांनी बाजेवरची माणसं आधी आत घेतली, मग मासळी. पण तलाव बाजाराकडे वळला नाही, मासळीच्या आळीकडेही वळला नाही. तो चांगुणाच्या आळीत आला. फार उंच नव्हता, माणसाच्या कमरेएवढा. भिंतीला न लागता, रस्त्याच्या मधून, पोहणाऱ्यांसाठी आखलेल्या काळ्या पट्ट्या अंगात तशाच सरळ ठेवून येत होता. आवाज नव्हता. त्याच्या मधोमध मीठ तपासणीची नोंदवही तरंगत होती, उघडी, आणि तिची शाई पसरलेली नव्हती.

खिडकीतून ती वही बघितली तेव्हा चांगुणाला सगळं समजलं. वहीप्रमाणे तलावात एकतीसशे ऐंशी मीठ होतं. तलावात ते नव्हतं. म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी असणार, आणि कुठे असेल ते तिच्या सहीवरून उघड होतं. तलाव मागायला आला नव्हता, आपलं न्यायला आला होता.

“नलिनी, देवापाशी जा,” ती म्हणाली. “आणि तिथून हलू नकोस.”

तिने दार उघडलं, कारण पाण्यापुढे बंद दार ठेवून उपयोग नसतो. पाणी पायरीशी थांबलं होतं. तिने बरणी आणली आणि खड्याचं मीठ पायरीवर खाली ओतलं, हात लांब ठेवून, रीतीने. मग कैरीचं लोणचं आणलं. मग पापडाचा डबा, सोडे, वाळवलेली करंदी. एकेक खाली ठेवून ती एकेक पाऊल मागे सरत होती. तलावाने लोणच्यातलं मीठ घेतलं, फोडी कोवळ्या कैरीसारख्या पांढऱ्या पडल्या. पापड घेतले. सगळं घेऊन तो होता तितकाच राहिला आणि एक पायरी चढला.

सव्वासहा झाले होते. सूर्य मावळणार होता सातला पाच कमी असताना. त्याच वेळी आतून काडी ओढल्याचा आवाज आला.

नलिनीने दिवा लावला होता. घाबरलेल्या तिला परिपत्रकातलं तेवढंच आठवलं. दिव्याचा उजेड माजघरातून ओटीवर आला, आणि तलाव थांबला. मग पाण्याचा काठ हळू वळला, पश्चिमेकडे, आणि नारळांच्या शेंड्यांवर जे ऊन अजून स्पष्ट होतं त्याच्याकडे त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. एकाच घरात हे दुसरं खोटं होतं.

त्यानंतर तो आत आला.

चांगुणा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. माझं घे म्हणाली. मीच लिहिलं, माझंच घे. साठीला आले, मला उन्हात ठेवायला लेक आहे. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं, एकदा तिच्याभोवती फिरलं, आणि रस्त्यात रोवलेल्या खांबाला वळसा घालावा तसं पुढे गेलं. तिच्यात घेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. सहा वर्षं, रोज दोन वेळा, ती तलाव चाखत होती. तितक्याच वेळा तलाव तिला चाखत होता. करंगळीच्या टोकाने थेंबाथेंबाने गेलेलं मीठ गेलं कधी ते तिला कळलं नव्हतं. पोलकं मात्र सांगत होतं.

देव्हाऱ्यासमोर नलिनी भिंतीला पाठ लावून उभी होती. पाणी तिच्या घोट्यांवर चढलं, मांड्यांवर चढलं, आणि पोटाच्या खाली येऊन थांबलं. ते तिच्या घामाकडे गेलं नाही, तिच्या डोळ्यांकडे गेलं नाही. पोटाला टेकून राहिलं. खोलीत दिवा जळत होता आणि काहीही हलत नव्हतं.

“आये,” नलिनी अगदी हळू म्हणाली, “हे आत बघतंय.”

चांगुणाला ते आधीच दिसलं होतं. त्या पोटात खारं पाणी होतं. बंद, स्वच्छ, उबदार, कुणी न उपसलेलं, आणि त्यात एकच जण पोहत होता. तलावाला आपल्याहून चांगला तलाव सापडला होता.

ती पाण्यातून चालत लेकीपाशी गेली. तिने नोंदवही हाताने ओढून घेतली आणि आयुष्यात जे कधी कुणापुढे बोलली नव्हती ते बोलली.

“माझी जीभ गेली. बारा दिवस झाले. हा आकडा माझा नाही, हा आकडा कुणाचाच नाही. तुझ्यात किती आहे ते मला माहीत नाही.”

पाणी वर आलं, तिच्या ओठांना लागलं. सवयीने तिने डोळे मिटले. “काही लागत नाही,” ती म्हणाली. “खोटं कशाला सांगू.”

पाणी ओठांवरून उतरलं आणि पुन्हा पोटाला टेकलं. नलिनीने एकदम पोटावर हात ठेवला.

“काय गं?”

“पोर सरकलं.”

“लाथ मारली?”

“नाही. मागे सरलं. तोंड फिरवल्यागत.”

चांगुणा थांबली. रोज सकाळी करंगळी जिभेला लागली की आपल्या आत जे पुढे किंवा मागे सरायचं, ते तिला आठवलं. “किती सरलं?” तिने विचारलं. “नीट सांग, बाय. बोटं लावून सांग.”

नलिनीने डोळे मिटले, पोटावर बोटं मांडली, उचलली, पुन्हा मांडली. “चार बोटं. जरा कमी.”

“म्हणजे सव्वीसशे,” चांगुणा म्हणाली.

वही अजून तिच्या हातात होती. पोलक्यात पेन होतं. तिने बारा दिवसांचे एकतीसशे ऐंशी खोडले, खोडलेल्यावर सही केली, आजच्या ओळीत २६०० लिहिलं आणि वही पाण्यावर ठेवली, हातात न देता. तलाव काही वेळ तसाच राहिला. मग नलिनीच्या पोटावरून उतरला, माजघरातून निघाला, पायऱ्या उतरला आणि आळीच्या मधून, जसा आला होता तसा गेला. त्याच्या मागे फरशी कोरडी होती. सातला पाच कमी असताना सूर्य मावळला, तेव्हा नलिनी जमिनीवर बसून रडत होती आणि चांगुणा तिच्या गालावरचं पाणी बोटाने पुसून दिव्यापुढे धरून बघत होती. आपल्याला चाखून कळणार नाही हे तिच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

त्याच संध्याकाळी तलावाचं पाणी जिल्ह्याला गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सव्वीसशे. दत्तारामने पन्नास किलोच्या सहा गोण्या ओतल्या.

वैद्य मॅडमनी प्रशस्तिपत्र परत घेतलं, पण कारवाई केली नाही. वैद्यकीय तपासणीत चांगुणा अळणी ठरली, काम करताना आलेलं अपंगत्व म्हणून नोंद झाली, आणि अशा कर्मचाऱ्याच्या जागी वारसाला घेण्याची तरतूद नियमात आहेच. नलिनीने अर्ज केला. तो परत आला. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की सहा वाजून बत्तीस मिनिटांची नोंद ज्या वारसाच्या वाचनावरून झाली आणि जी तलावाने मान्य केली, तो वारस अर्जदार नव्हे. चांगुणा पदर खोचून कार्यालयात गेली. तिने मॅडमना तोंडावर विचारलं की हे काम माणसाचं काय करतं ते तपासणीच्या कागदात तुम्हीच लिहिलंत, आणि आता त्यावर तान्हं बसवता? मीटर का नाही आणत?

मॅडमनी तिला पाणी दिलं. “चांगुणाबाई, मीटर दोनदा आणला,” त्या म्हणाल्या. “काल दत्ताराम मीटर घेऊन काठावर गेला आणि पाणी एक पायरी वर आलं. तुम्हीच सांगा मी काय करू.”

चांगुणाने खोचलेला पदर सोडला आणि ती घरी आली.

मुलगी झाली. आदेश पाचव्या दिवशी घरपोच आला. नाव ठेवायचं होतं म्हणून नावाच्या जागी ‘प्रलंबित’ असं होतं. वयाची अट शिथिल. रुजू दिनांक, जन्मदिनांक. पाळी, रोज दोन वेळा. खाली निवृत्तीची तारीख होती, अठ्ठावन्न वर्षांनंतरची. नलिनीने ती तारीख दोनदा वाचली आणि कागद घडी करून उशाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सटवीची पूजा होती. चांगुणाने पाट मांडला, रीतीप्रमाणे कोरा कागद आणि लेखणी ठेवली, की सटवी येईल आणि पोरीच्या नशिबात काय आहे ते लिहून जाईल. सकाळी कागद जसाच्या तसा होता. लेखणी हललेली नव्हती. दत्ताराम पाळीसाठी न्यायला आला होता, त्याने जाऊन ही गोष्ट मॅडमच्या कानावर घातली. मॅडम म्हणाल्या, ते बरोबरच आहे. एकदा आदेश निघाल्यावर त्याच व्यक्तीचा दुसरा आदेश निघत नाही.

आता रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला चांगुणा नातीला दुपट्यात गुंडाळून काठावर बसते. करंगळी पाण्यात बुडवते आणि पोरीच्या ओठांना लावते. पोर ओठ चुटचुटते तेव्हा बत्तीसशे असतं. मान वळवते तेव्हा किती वळली ते चांगुणा बोटांनी मोजते, दत्ताराम लिहितो आणि गोणी ओततो. आकडा अजून चुकलेला नाही. पाणी काठाशी स्वस्थ असतं. नात आली की थोडं वर येतं, गेली की खाली जातं. पोरं पोहतात. नारायण तांडेल उन्हात असतो.

घरी आल्यावर नलिनी पोरीला मांडीवर घेते, टोपडं मागे सारते आणि तिच्या कपाळाला जिभेचं टोक लावते.

“आहे,” ती म्हणते. “कालच्याइतकंच.”

चांगुणा ते वेगळ्या वहीत लिहून ठेवते.